म्हसूएवढी बॅटरी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वस्ताद राहत होते. आजूबाजूच्या गावांतले निम्मे पिकअपवाले त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेले. वस्ताद रागावले की घाटातली वळणं भीतीनं सरळ होतात, असं लोक सांगत. सरळ झालेलं वळण कुणी पाहिलं नव्हतं, पण शंकाही कुणी घेत नसे.

वस्तादांचा एक दंडक होता. शिष्यानं आपल्या गाडीची बॅटरी स्वतः निवडायची नाही. जुनी बॅटरी दगा देऊ लागली की वस्तादांना सांगायचं. ते नवी निवडत, स्वतःच्या हातानं बसवत, पुढच्या चाकापाशी नारळ फोडत आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा शिष्याच्या तळहातावर ठेवत. तो तुकडा मिळाला की शिष्याला वाटे, आपण अजून वस्तादांचे आहोत.

लहानू आणि म्हसू हे त्यांचे दोन शेवटचे शिष्य. लहानू पिकअपमधून टोमॅटो घेऊन भल्या पहाटे घाट चढे आणि वरच्या बाजारात जाई. म्हसूनं आपल्या पिकअपवर कर्णे चढवले होते. तो लग्नाच्या वराती वाजवी. त्या कर्ण्यांचा आवाज असा, की एका वरातीत शेजारच्या गावची म्हैस दावं तोडून नाचायला आली होती.

त्या वर्षी म्हसूची बॅटरी गेली आणि वस्तादांनी त्याला भली थोरली बॅटरी निवडून दिली. ती मावेना, म्हणून म्हसूनं वेल्डरकडून बॉनेटखालची बैठकही वाढवून घेतली. लहानूनं ती पाहिली आणि त्याच्या पोटात जे पेटलं ते विझेचना. दोन तारा त्याच्या कानांना जोडल्या असत्या तर साऱ्या आळीतले दिवे लागले असते. जेवताना त्याला भाकरीच्या जागी बॅटरी दिसे, आणि तीही म्हसूच्या ताटातली मोठी.

"वस्तादांची माया तिकडे जास्त आहे," तो बायकोला म्हणाला.

मंदा पीठ मळत होती. "माया अँपिअरमध्ये मोजतात का हो?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. मला माझ्या आईनं बहिणीपेक्षा लहान परात दिली होती. मी अजून जिवंत आहे."

लहानूची बॅटरी आधीच थकत चालली होती. आता तर तो मुद्दाम गाडी बंद करून दिवे चालू ठेवू लागला. ती लवकर मरावी आणि आपल्यालाही म्हसूएवढी मिळावी म्हणून. बिचारी एकदाची मेली. लहानू सुतकी चेहरा करून वस्तादांच्या अंगणात आला, पण चालताना पावलं उड्या मारत होती.

वस्तादांनी काही न विचारता ओसरीवरून एक बॅटरी उचलून आणली. ती बेताचीच होती. लहानूच्या गाडीत पूर्वी होती तेवढीच.

लहानूचा चेहरा उतरला. "ही?"

"ही."

"म्हसूला केवढी, आणि मला एवढीशी?"

"तुझ्या गाडीला हीच योग्य आहे."

"योग्य म्हणजे लहान, असंच ना? स्पष्ट सांगा वस्ताद. मी कुठं कमी पडलो?"

मग वस्तादांनी जे केलं, त्याचा अर्थ अंगणातल्या कुणालाच लागला नाही. त्यांनी म्हसूला गाडीसकट बोलावून घेतलं, त्याची थोरली बॅटरी काढली आणि लहानूच्या पुढ्यात ठेवली. लहानूसाठी आणलेली बेताची बॅटरी म्हसूच्या गाडीत बसवली.

"वस्ताद, संध्याकाळी मला वरात वाजवायची आहे," म्हसू डोकं खाजवत म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग ठीक आहे," म्हसू म्हणाला आणि निघून गेला. एवढी मोठी वस्तू हा इसम इतक्या सहज सोडतो, याचाही लहानूला हेवा वाटला. नारळ त्या दिवशी फुटला नाही, हे मात्र आनंदाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर कळलं की थोरली बॅटरी बॉनेटखाली बसत नाही. वेल्डर परगावी गेलेला. लहानू हटला नाही. त्यानं ती ड्रायव्हरशेजारच्या मंदाच्या सीटवर ठेवली, दोरीनं बांधली आणि घरात पडलेल्या वायरींचे तुकडे एकमेकांना जोडत इंजिनापर्यंत नेले.

पहाटे मंदा बाजाराला निघाली तेव्हा तिच्या जागेवर बॅटरी बसलेली.

"मी कुठं बसू?"

"आजच्या दिवस मागे बस. टोमॅटोपाशी."

"बसते. हिला थंडी वाजेल, माझी शाल देऊ का? आणि घाटात चहाला थांबलात तर हिलाच आधी विचारा."

लहानूनं ऐटीत किल्ली फिरवली. इंजिन आजाऱ्यासारखं कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हणं. लांबलचक बारीक तारा गरम झाल्या, जोडांपाशी धूर निघाला. थोरली बॅटरी सीटवर पाहुण्यासारखी बसून होती. तिच्यातली ताकद इंजिनापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत क्रेट भरून मंदा एकटीच बाजाराला गेली. जाताना तिनं आपली शाल खरोखरच बॅटरीवर पांघरली, आणि लहानूला तेच सर्वांत जास्त लागलं.

उजाडल्यावर तो वस्तादांकडे गेला. म्हसू आधीच तिथे बसला होता.

"काल तिसऱ्या गाण्यालाच कर्णे मुके झाले," म्हसू सांगत होता. "वरात देवळापुढं थांबलेली, गाडी बंद. मग नवरदेवाच्या मामांनी तोंडानंच सनई वाजवली. घोडा त्या आवाजाला बुजला आणि नवरदेवाला घेऊन थेट उसात शिरला."

लहानूला हे ऐकून गंमत वाटली, खोटं कशाला सांगा. पण ती फार वेळ टिकली नाही.

"म्हसू, कालचा त्रास तुला माझ्यामुळे झाला," वस्ताद म्हणाले. "नवरदेवाच्या घरी मी स्वतः जाऊन येतो." मग ते लहानूकडे वळले. "म्हसूची गाडी तासन् तास उभी राहते, इंजिन बंद असतं आणि कर्णे वीज खात राहतात. त्याला साठा मोठा लागतो. तुझ्या गाडीला गारठ्यात एका झटक्यात उठायचं असतं, मग चढणीवर ती बॅटरी आपोआप भरते. तुला जोरकस झटका हवा, आणि तो इंजिनाजवळून हवा. त्या बेताच्या बॅटरीत तो भरपूर होता. तुझ्यासाठी निवडताना मी म्हसूकडे पाहिलंच नव्हतं, लहानू. फक्त तुझ्या गाडीकडे पाहिलं होतं."

लहानू मान खाली घालून म्हणाला, "पण मी सांगण्याआधीच ती तुमच्या ओसरीवर कशी होती?"

वस्ताद थोडे संकोचले. "तुझी गाडी माझ्या भिंतीमागेच उभी असते. म्हातारपणी झोप कमी. रोज पहाटे तू सेल्फ मारतोस तो मी अंथरुणात ऐकतो. इंजिन उठायला उशीर करू लागलं तेव्हाच मी ती मागवून घेतली आणि चार्जिंगला लावली. म्हसूची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं सांगितल्याशिवाय मला काही कळत नाही."

लहानू उठला, भिंतीमागच्या आपल्या गाडीतून थोरली बॅटरी उचलून आणली आणि ती म्हसूच्या गाडीत ठेवायला स्वतः हात लावू लागला. बेताची बॅटरी वस्तादांनी पुन्हा चार्ज करून लहानूच्या गाडीत बसवली आणि नारळ मागवला.

दुसऱ्या पहाटे मंदा आपल्या जागेवर बसली होती. लहानूनं किल्ली फिरवली आणि गाडी एका सेल्फात उठली. घाटाला उशीर होत होता, तरी त्यानं ती भिंतीपाशी थोडा वेळ तशीच चालू ठेवली.

"निघायचं नाही का?" मंदानं विचारलं.

"निघू," तो म्हणाला. "त्यांना नीट ऐकू जाऊ दे."