पालथा बिल्ला

“आपणहून की सक्तीनं? मला एवढंच सांगा,” बाई म्हणाल्या.

बिल्ला टेबलावर पडला होता. लहानशा शंकरपाळ्याएवढा, तशाच आकाराचा, लाल-पांढऱ्या मीनाकामाचा, मधोमध काळं तिरपं स्वस्तिक. हिटलरच्या काळात जर्मनीत पोरांची जी संघटना होती, तिच्या सभासदाचा.

बाईंचं नाव हेल्गा तगारे. आई कराडची, वडील जर्मन. लढाई संपल्यावर ते इकडे कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. गेल्या श्रावणात नव्वदीत वारले.

जन्मभर ते सांगत आले होते की आम्हाला त्या संघटनेत जबरदस्तीने घातलं, नाही म्हणायची सोय नव्हती. आणि मग त्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात, अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेला हा निघाला. बाईंनी त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. तो आता त्यांच्या पिशवीत होता. परत लावायचा की नाही, ते साताऱ्याच्या काझीचाचांकडून कळेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

काझीचाचांनी चाळीस वर्षं फौजी लोकांची पदकं दुरुस्त केली. आसपासच्या गावांतले जवान इटलीहून, आफ्रिकेहून ट्रंकेत असलं काहीबाही घेऊन येत. ते हाताळून हाताळून चाचा शिकले. आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती, आणि भिंग त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या निरंजन वाळिंब्याच्या हाती आलं होतं.

निरंजन हुशार होता. ते त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

त्याने बिल्ला पालथा घातला. आधी पाठ, मग तोंड, हा चाचांचा नियम. तोंडाची नक्कल कुणीही करतो.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई,” तो म्हणाला.

मागे कारखानदाराचं अख्खं नाव होतं. नंतरच्या मालावर हिटलरच्या पक्षाच्या कचेरीचा ठसा आणि कारखान्याचा नुसता नंबर येऊ लागला. तो इथे नव्हता. म्हणजे तेहतीस-चौतीस साल. सगळ्या पोरांना संघटनेत घेण्याचा कायदा झाला छत्तीसच्या अखेरीस, आणि खरी सक्ती तर एकोणचाळीसपासून. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं.

“म्हणजे...”

“म्हणजे आपणहून.”

बाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. निरंजनला वाईट वाटलं, पण आपलं बरोबर आलं याचा आनंद त्याहून थोडा जास्त होता. त्याने वस्तूची नोंद लिहायचं कोरं कार्ड पुढे ओढलं. आजवर कार्डं चाचाच लिहीत आले होते. हे पहिलं त्याच्या अक्षरात जाणार होतं.

“थांब,” चाचा म्हणाले.

त्यांनी चाचपून बिल्ला उचलला, पिन उघडली आणि त्याच्यापुढे धरला.

“लाव.”

“कुठं?”

“सदऱ्याला.”

निरंजन हसला. चाचा हसले नाहीत.

घरी त्याच्या कपाटात असे साठ-सत्तर बिल्ले होते. अंगाला त्यातला एकही कधी लागला नव्हता. त्याने बाईंकडे पाहिलं, उघड्या दारातून रस्त्याकडे पाहिलं... आणि लावला. घाईत पिन बोटात घुसली.

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला.

“आपणहून लावलास?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“मी हात धरला होता?”

“नाही.”

“नाही म्हणाला असतास, तर मारलं असतं?”

“नाही, चाचा.”

“उद्यापासून येऊ नको म्हटलं असतं?”

ती भीती निरंजनच्या मनात येऊन गेली होती. खरी की खोटी, ते त्याने तपासलं नव्हतं.

“...माहीत नाही.”

“मग घे कार्ड. लिही. आपणहून की सक्तीनं.”

त्याने पेन उचललं. पेन कार्डावर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याला लाज वाटत होती, आणि ती नेमकी कशाची ते सांगता येत नव्हतं.

बाई त्याच्या छातीकडे बघत होत्या.

“बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

निरंजन चौतिशीचा होता.

मग त्या चाचांकडे वळल्या. “पण काझीसाहेब, नंतर तर सगळं संपलं होतं. इथं त्यांना कोण सक्ती करणार होतं? मग जन्मभर जवळ का ठेवला?”

चाचा तोंड दाराकडे करून बसून राहिले.

शेजारच्या दुकानातला माणूस पायरीवर आला, सदऱ्यावरचं ते स्वस्तिक बघून थबकला आणि निघून गेला. निरंजनचा हात पिनेवर गेला. तिथेच थांबला.

“चाचा... काढू का?”

“हेही मलाच विचारतोस?”