सुगतच्या गच्चीवरचा सूर्य

"मग सांगा भंते, यात वाईट काय आहे?"

सुगत गमरे गच्चीवर उभा होता. त्याच्या मागे सौर पॅनलच्या काळ्याभोर रांगा उन्हात चमकत होत्या. डोंगराच्या टेकाडावर वसलेल्या त्या वाडीतलं हे पहिलंच सौर घर. शहरातल्या तंत्रनिकेतनात वीज शिकवणारा सुगत सुट्टीला गावी आला, की आधी गच्चीवर चढायचा आणि मग घरात शिरायचा.

आज त्यानं भंते धम्मसारांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. भंते वाडीच्या वरच्या अंगाला, लहानशा विहारात राहायचे. सत्तरी ओलांडलेली, तरी पायऱ्या चढताना दम लागला नव्हता. सुगतला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. त्यामुळे बाकी कुणी वाखाणलं न वाखाणलं, भंतेंनी वाखाणावं असं त्याला फार वाटायचं.

भंते पॅनलकडे बघत राहिले.

"धूर नाही, आवाज नाही," सुगत म्हणाला. "वीजबिल जवळजवळ बंद. लोक म्हणतात खाऱ्या हवेनं गंजेल, माकडं नाचतील, सावली पडली तर अर्धी वीज जाईल, पावसाळ्यात बसा बोंबलत. मी सगळं तपासलंय. सांगाडा गंजत नाही. फणसाची सावली संध्याकाळी येते, तेवढी चालते. धूळ मी स्वतः पुसतो."

"आणि रात्री?"

"रात्री तारेतून घेतो. दिवसा माझ्याकडे उरते, ती तारेत सोडतो."

"म्हणजे देणं-घेणं आहे."

"ते नावापुरतं हो भंते." सुगत हसला. "खरं सांगू? आता मी कुणाचा मिंधा नाही."

भंतेंनी एका पॅनलवर तळहात टेकवला. तापलं होतं. त्यांनी हात काढून घेतला, सुगतकडे पाहिलं…

आणि मुकाट्यानं जिना उतरून गेले.

सुगत खट्टू झाला. एवढं दाखवलं, आणि एक शब्द नाही.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, वैशाखातलं वादळ आलं.

रात्रभर समुद्र गर्जत होता. सकाळी वाडी ओळखू येईना. माड मोडून पडले होते, कौलं उडाली होती, विजेचे खांब उताराभर आडवे झाले होते. खालच्या खाडीचं उधाण पायथ्याच्या सार्वजनिक विहिरीत शिरलं होतं. पाणी तोंडात धरवेना, इतकं खारट. माणसं मात्र सगळी वाचली होती.

सुगतच्या अंगणातला फणस घराच्या कोपऱ्यावर कोसळला होता. त्याखाली भिंत खचली आणि घराची वीज तोडण्या-जोडण्याचा मुख्य खटका पेटीसकट चेंगरला. अंगणाच्या कडेचा खांबही पडला होता आणि त्याच्या उघड्या तारा चिखलात लोळत होत्या.

पण गच्चीवर? पॅनल जागच्या जागी. एकालाही तडा नाही.

सुगतनं वर जाऊन बघितलं तेव्हा त्याची छाती फुगली. ढग पांगले, लख्ख ऊन पडलं. त्याच्या घरामागे बोअरवेल होती, गोड पाण्याची, खोल. पंप चालला की साऱ्या वाडीला पुरेल.

हे वाडीलाही ठाऊक होतं. दुपारपर्यंत त्याच्या फाटकाशी हंडे-कळशांची रांग लागली.

रांगेत सगळ्यांत पुढे यशोदाकाकी होती. तिची सून नुकतीच बाळंत झालेली. घरात उकळून द्यायलाही पाणी नव्हतं. पडलेल्या माडांची शहाळी फोडून बाळंतिणीला पाजत होते.

"सुगत, बाळा," काकी म्हणाली, "तुझा सूर्य डोक्यावर आला. आता सोड पाणी."

सुगतनं पंपाचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. पंप मुका.

तो घराच्या मागच्या अंगाला गेला. पॅनलची वीज घरात आणणारं यंत्र भिंतीवर होतं. त्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. सुगतला कारण शोधावं लागलं नाही. वर्गात हे त्यानं कितीदा शिकवलं होतं. बाहेरची तार मेली, की हे यंत्रही स्वतःला बंद करून घेतं. डोक्यावर ऊन, छपरावर पॅनल आणि घरात अंधार.

शिकवताना हे एक वाक्य होतं. आज ते फाटकाशी हंडा घेऊन उभं होतं.

"काय झालं रं?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"थांबा जरा!" तो ओरडला.

त्याचे कान तापले होते. दर सुट्टीत ज्यांना आपण गच्ची दाखवत फिरलो, तीच माणसं बाहेर उभी होती. कुणी हसत नव्हतं, तेच जास्त लागत होतं.

युक्ती त्याला माहीत होती. घरात बॅटरीवर चालणारा एक जुना इन्व्हर्टर होता. त्याच्यावर पंप चालला नसता, पण तो नीट जोडला, तर यंत्राला वाटणार बाहेरची तार जिवंत आहे. यंत्र फसणार आणि सुरू होणार. नियमात बसत नव्हतं, पण आज नियम कोण बघतंय?

तो वायरी सोलायला बसला.

दारात सावली पडली. भंते उभे होते. चीवर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं.

"वंदामि भंते," सुगत मान वर न करता म्हणाला.

"काय चाललंय?"

"या डरपोकाला जागं करतोय. बाहेरची तार मेली, की हा आपोआप मरतो."

"का मरतो?"

"तशी रचनाच असते. खांबावर कुणी काम करत असेल, आणि इकडून वीज गेली, तर तो माणूस जागच्या जागी…" सुगत थांबला.



"मग डरपोक कसा?" भंतेंनी हळूच विचारलं.

सुगतच्या हातातली पक्कड क्षणभर अडली. मग त्याला राग आला. "भंते, खांबावर कोण चढणार आहे आज? खांबच पडलेत! खटका तोडून घर तारेपासून वेगळं करायला हवं, मान्य. पण तो फणसाखाली गेलाय. फणस कापायचा तर दिवस जाईल. बाहेर बाळंतिणीला पाणी नाही आणि तुम्ही मला…"

"वीज त्या तारेत जाणार नाही?"

"तार खाली कुठंतरी तुटलेलीच आहे. नाही जाणार."

"नक्की?"

"नक्की!"

भंते मान हलवून बाहेर पडले. अनवाणी अंगण ओलांडलं. पडलेल्या खांबापाशी, घोटाभर डबक्यात उभे राहिले, वाकले आणि तिथली उघडी तार दोन्ही हातांनी उचलून घट्ट धरली.

खिडकीतून सुगतला ते स्पष्ट दिसत होतं.

"हं," भंते म्हणाले. "कर चालू."

यशोदाकाकीनं तोंडाला पदर लावला.

सुगतची बोटं जोडणीवर होती. एक वायर तेवढी टेकवायची राहिली होती. तार तुटलेलीच आहे, तो स्वतःशी म्हणाला. तुटलेलीच असणार. असणार…

भंते त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांत रागबिग काही नव्हता. सुगत पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचा, तेव्हा बघायचे तसे ते बघत होते.

सुगतनं वायर खाली ठेवली. बॅटरीची जोडणी उपसून काढली, पक्कड भिरकावली आणि धावत अंगणात आला.

"सोडा ती तार! भंते, सोडा!"

भंतेंनी तार खाली ठेवली. हात चीवराला पुसले.

दूर, उताराखालून, कुणाची तरी हाक आली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. या तारा जिथवर जात होत्या तिथं, अगदी खाली, वायरमन परकार आणि त्याची दोन-चार माणसं वाकून काहीतरी सोडवत होती. परकारच्या हातात तीच तार होती.





सुगत फाटकाशी गेला. आजवर तो या माणसांशी गच्चीवरून बोलत आला होता. आज त्यांच्यासमोर चिखलात उभा राहून म्हणाला, "काकी, माझ्याकडे पाणी नाही. वर कितीही ऊन असो, तो खांब उभा राहिल्याशिवाय माझी वीज एक थेंब चढवणार नाही. हे मला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

"मग आता?" काकीनं विचारलं.

सुगतनं भंतेंकडे पाहिलं. भंते मात्र तिथं नव्हते. कुणाच्या तरी पडवीतली पहार खांद्यावर टाकून ते उतार उतरत होते.

आधी सुगत त्यांच्यामागे पळाला. मग हंडे फाटकाशी ठेवून सगळी वाडी पळाली.

परकार घामानं निथळत होता. खालच्या गावात वीज आली होती. अडलं होतं ते वाडीच्या चढावर. "वर गाडी येत नाही, सर," तो सुगतला म्हणाला. "माझी माणसं एवढीच. झाडं तोडू, खड्डे खणू, की खांब ओढू? साहेबांनी वाडीला पंधरा दिवस सांगितलेत."

"माणसं कमी पडतात ना?" सुगत म्हणाला. "ही घे. कुठं काय धरायचं तेवढं सांग. मलाही सांग."

मग जे झालं, ते वाडीतली माणसं आजही रंगवून सांगतात.

कोयते निघाले, कुऱ्हाडी निघाल्या. बंदरावरून होड्यांचे जाड दोर आले. बायकांनी वाटेवरच्या फांद्या ओढून बाजूला केल्या. भंतेंनी पहिल्या खड्ड्यात पहार मारली. सुगतनं ती त्यांच्या हातातून घ्यायला बघितलं, तर त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. तिथंही खड्डा खणायचाच होता.

लोखंडी खांब खांद्यांवर उचलून चढवले. दोर बांधले. परकारनं आवाज दिला आणि साऱ्या वाडीनं एका दमात ओढलं. खांब थरथरला, कलला, पुन्हा उठला… आणि उभा राहिला. जो आरडाओरडा झाला, तो खालच्या गावात ऐकू गेला.

मग दुसरा. मग त्याच्या पुढचा.

सुगतच्या हातांना फोड आले. शर्ट फाटला. त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या टोळीनं तोवर त्याच्या अंगणातला फणस कापून काढला. चेंगरलेली पेटी मोकळी झाली. एक जण धावत सांगत आला, "सुगत, खटका सापडला! आता तुझी युक्ती चालेल की. सोड पाणी!"

सुगतनं वर बघितलं. परकार खांबाच्या टोकावर होता. दोन्ही हात तारांत.

"पेटी भिजलीय. तिचा भरवसा नाही," सुगत म्हणाला. "तो उतरेपर्यंत माझ्या घरातलं एकही बटण कुणी दाबायचं नाही."

आणि तो स्वतः त्या खांबाखाली जाऊन उभा राहिला.

उन्हं कलली, पण मावळली नव्हती. शेवटची तार ताणून झाली. सुगतनं परकारच्या सामानातला नवा खटका बसवला, दोनदा तपासला, परकारला तपासायला लावला. परकार वीज सोडायला खाली रोहित्रापाशी गेला.

सगळी वाडी सुगतच्या घरामागे जमली. यंत्रावरचा दिवा लाल होता.

खालून परकारची आरोळी आली. "आऽऽली!"

घरातला पंखा फिरला. वाडीभर कुठंकुठं दिवे लागले. यंत्राचा दिवा मात्र लालच. "याला काय झालं?" काकी कुजबुजली.

"तार खरंच जिवंत आहे का, ते बघतोय," सुगत म्हणाला. "बघू दे त्याला."

दिवा विझला.

हिरवा लागला.

सुगतनं पंपाचं बटण काकीला दाबायला लावलं. जमिनीच्या पोटात घरघर झाली. नळ आधी खोकला, मग त्यातून गढूळ चूळ पडली आणि पाठोपाठ स्वच्छ, गार, गोड पाण्याची धार कोसळली. त्यातलं सूर्याचं किती, तारेचं किती, कुणाला सांगता आलं नसतं.

काकीनं पहिली कळशी भरली. ती डोक्यावर घेऊन सुनेच्या दिशेनं चालू लागली, तेव्हा तिच्या चालण्यात लग्नाच्या वरातीचा थाट होता. पोरं धारेखाली नाचू लागली. परकारची माणसं ओंजळीनं पीत होती, डोक्यावर ओतून घेत होती. कुणीतरी पडलेल्या फणसाचे गरे वाटत होतं.

सुगत चिखलानं नखशिखांत भरला होता आणि हसत होता. सकाळी गच्चीवर छाती फुगली होती, त्याहून आता ती कितीतरी भरून आली होती. पण आता तिच्यात सगळी वाडी मावत होती.

त्यानं ओंजळभर पाणी भंतेंपुढे धरलं.

"भंते, आज सगळे जमलेत. दोन शब्द सांगा. आजचा दिवस कुणी विसरता कामा नये."

भिजलेले, थकलेले, उजळलेले चेहरे भंतेंकडे वळले.

भंते पाणी प्यायले. तोंड पुसलं. टेकाडाच्या पलीकडे, जिथं अजून एकही दिवा लागला नव्हता, तिकडे जरा वेळ पाहत राहिले…

मग वाकून त्यांनी पहार उचलली.

"परकार," ते म्हणाले, "पुढची वाडी कोणती?"