उघाडीवरचा पहारा

खाडीच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात जोमा नावाचा एक शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का. खोड एकच होती. समोरच्याच्या मनात काहीतरी वाकडं आहे, असं त्याला नेहमी वाटायचं.

गावाची भातशेती खाडीला अगदी लागून होती. एका बाजूला गोड्या पाण्यावर पिकणारं भात, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, आणि मध्ये फक्त मातीचा एक लांब बांध. घरटी जमीन थोडी. कोणाची दोन खाचरं, कोणाची चार. एवढ्याशा जमिनीसाठी एकट्याने बांध घालणं कोणालाच झेपलं नसतं, म्हणून आज्या-पणज्यांनी तो सगळ्यांनी मिळून घातला होता. आपल्या शेतासमोरचा बांध ज्याने त्याने सांभाळायचा, अशी रीत होती. खेकडे बांध पोखरतात. बीळ दिसलं की लगेच चिखलाने बुजवायचं, कारण एका जागी बांध फुटला तर पाणी कोणाचं शेत कोणतं ते विचारत बसत नाही.

बांधात एक लाकडी दार होतं. त्याला सगळे उघाडी म्हणत. ओहोटीला दार वर उचललं की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरती चढायला लागली की दार खाली. पीक उभं असताना भरतीला दार उघडायचं नाही, हा गावाचा नियम होता. भरतीच्या पाण्याबरोबर मासे आत येतात, त्यातही जिताडा आला तर बाजारात हातोहात खपतो. पण त्याच पाण्याबरोबर मीठही आत येतं आणि भात करपून जातं.

एका पावसाळ्यात भात चांगलं हिरवंगार आलं होतं. एके सकाळी जोमा शेतावर गेला, तर त्याच्या खाचराच्या कडेची पात टोकाला पिवळी पडलेली. त्याने बोट बुडवून पाणी चाखलं. खारट लागलं.

खारं पाणी आत आलं कुठून? जोमाच्या मनाने लगेच उत्तर दिलं, कोणीतरी भरतीला उघाडी उचलतंय.

कोण, हेही त्याला फार शोधावं लागलं नाही. त्याच्या शेजारच्या खाचरांचा मालक कमळू. वयाने लहान, हसऱ्या तोंडाचा, आणि मासेमारीचा नाद असलेला. गेल्याच आठवड्यात जोमाने त्याला बाजारात टोपलीभर जिताडे विकताना पाहिलं होतं. ऐन पावसाळ्यात, खाडीत होडी घालता येत नसताना, हे मासे आले कुठून?

घरी आल्यावर त्याने बायकोला, बायजाला, हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यालाच विचारा की एकदा."

"विचारलं तर सावध होईल तो," जोमा म्हणाला. "त्याला रंगेहाथ धरायला हवं."

मग जोमा कमळूवर नजर ठेवू लागला. कमळूचे पाय ओले दिसले की जोमाला उघाडी आठवे. कमळूने वाटेत रामराम केला तर जोमाला वाटे, हा आज एवढा गोड का बोलतोय. आणि एखाद्या दिवशी कमळू न बोलता पुढे गेला, तर वाटे, आता याला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

बाजारातल्या जिताड्यांची गोष्ट त्याने आधी पाटलाला सांगितली, मग आणखी दोघांना. मी कोणाचं नाव घेत नाही, असं म्हणून तो नाव सोडून बाकी सगळं सांगे. आपापल्या खाचरात पिवळी पात शोधायला लोक निघाले आणि पिवळी पात कुठल्या खाचरात नसते? थोड्याच दिवसांत गावात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. कोणीतरी चोरून मासे धरतंय, आणि तो कमळूच आहे. काही जण तर आणखी पुढे गेले. एकटा कमळू एवढं जड दार उचलेल कसं? त्याला कोणाची तरी साथ असणार. मग साथ कोणाची, यावरून भावाभावांत कुजबुज सुरू झाली.

भरतीच्या वेळी उघाडीवर पहारा बसू लागला. सगळ्यात जास्त वेळ जोमा बसे. कधी दुसरा कोणी बसला, की जोमा येऊन त्याच्यावर नजर ठेवून बसे.

या सगळ्यात बांधाकडे बघायला कोणाला सवड उरली नाही. आणि मनही उरलं नाही. आम्ही बिळं बुजवायची आणि दुसऱ्याने मासे खायचे, हे कोणी सांगितलंय, असं लोक उघड म्हणू लागले. जोमाच्या स्वतःच्या शेतासमोरचा बांधही तसाच पडून होता. तो सारा वेळ उघाडीवर असायचा, आणि उघाडी तिथून बरीच लांब होती.

कमळूला गावाची बदललेली नजर कळत होती. विहिरीवर त्याच्या बायकोशी कोणी बोलेना. तरी तो आपल्या वाट्याच्या बांधावर रोज एक फेरी मारत राहिला.

भाद्रपदातली पौर्णिमा आली. त्या दिवशीची भरती मोठी असते आणि ऐन दुपारी पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत चढतं. सकाळपासूनच जोमा उघाडीवर ठाण मांडून बसला. चोरी व्हायची असेल तर आजच, असं त्याला वाटत होतं.

पाणी निम्म्याहून वर चढलं असेल, तेव्हा बांधावरून कमळू धावत आला. हातात कुदळ, गुडघ्यापर्यंत चिखल.

"जोमादादा, तुमच्या शेतासमोरचा बांध पाझरतोय. खेकड्यांनी पार पोखरलाय. एकट्याने बुजत नाही. चला लवकर."

जोमा उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. आजच का? भरती चढत असतानाच का? आपण इथून हललो की उघाडी मोकळी. त्याने आजूबाजूच्या झाडीकडे पाहिलं. तिथे कोणी दिसलं नाही, तर त्याचा संशय आणखी वाढला.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी इथून हलणार नाही."

कमळू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. काय चाललंय ते त्याला समजलं असावं. "दादा, बांध तुमचा आहे," एवढंच तो बोलला आणि आल्या वाटेने पळत सुटला.

जोमा पुन्हा खाली बसला. आपण फसलो नाही, याचं त्याला बरं वाटलं. दार जागच्या जागी घट्ट होतं. त्यावर त्याने हातही ठेवून पाहिला.

थोड्या वेळाने लांबून धो धो आवाज आला.

गावकरी धावत पोचले तेव्हा जोमाच्या शेतासमोर बांधाला मोठं खिंडार पडलं होतं. खाडी आत घुसत होती. कंबरभर पाण्यात, फुटलेल्या कडेला, कमळू एकटा उभा होता आणि त्याच्या हातात कुदळ होती.

लोकांनी कुदळ पाहिली आणि त्यांना सगळं कळल्यासारखं वाटलं. कोणीतरी ओरडलं की यानेच बांध फोडला. दोघांनी त्याला ओढून वर काढलं. याला आजच्या आज गावाबाहेर काढा, असं चारही बाजूंनी सुरू झालं. तेवढ्यात जोमा तिथे पोचला, तर पाटील त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जोमा, तुझंच खरं निघालं."

कमळूला धाप लागली होती. तो म्हणाला, "मी मदत मागायला गेलो होतो. जोमादादाला विचारा."

सगळे जोमाकडे वळले.

आता जोमाने नुसतं गप्प राहायचं होतं. सगळा गाव त्याच्या बाजूने होता. इतके दिवस तो जे सांगत होता, ते आज खरं ठरत होतं. त्याच्या मनात अजूनही आलं, यानेच आधी बांध खणला असेल आणि मग बोलवायला आला असेल. त्याने फुटलेल्या बांधाकडे पाहिलं. उघड्या पडलेल्या मातीत खेकड्यांची बिळं स्पष्ट दिसत होती, जुनी, आत गुळगुळीत झालेली. पावसाळाभर त्यांतूनच खारं पाणी त्याच्या खाचरात झिरपत होतं. बायजा गर्दीच्या मागे उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

 मग जोमा म्हणाला, "तो आला होता. वेळेत आला होता. मला ते खोटं वाटलं. उघाडी उचलायला तो मला तिथून हलवतोय, असं वाटलं."

 पाणी आत येतच होतं.

"मग ते जिताडे?" मागून कोणीतरी विचारलं.

"सासऱ्याच्या तळ्यातले," कमळू म्हणाला. "ते थकलेत, म्हणून मी नेऊन विकतो. मला कोणी विचारलंच नाही."

ज्यांनी त्याला धरलं होतं त्यांनी हात सोडले.

दुपार कलली, ओहोटी लागली आणि सगळं गाव खिंडारात उतरलं. पुढची भरती यायच्या आत ते बुजवायला हवं होतं. बायकांनी घरातला पेंढा आणला, पुरुषांनी खुंट ठोकले. माणसांची रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जाऊ लागले. रांगेच्या टोकाला, खिंडारात, कमळू होता. त्याच्या मागे जोमा.

चिखलाचे कितीतरी गोळे या हातातून त्या हातात गेले. शेवटी जोमाने हातातला गोळा तसाच धरून ठेवला आणि म्हणाला, "कमळू, मला माफ कर."

कमळूने वळूनही पाहिलं नाही. हात मागे पसरून तो म्हणाला, "माफीचं नंतर बघू, दादा. आधी चिखल द्या. पाणी वळलंय."

खिंडार कसंबसं बुजलं. पण त्या भागातलं भात गेलं ते गेलंच. मातीत मुरलेलं मीठ निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागले. तोवर गुरांच्या पेंढ्याचीही टंचाई पडली आणि कित्येकांना आपली गुरं विकावी लागली. जोमाला आणि आणखी काही जणांना उन्हाळ्यात मिठागरावर मजुरीला जावं लागलं. तिथे मिठाने पायांना भेगा पडत. कमळूचीही दोन्ही खाचरं खारी झाली होती. तोही त्यांच्यातच होता.

त्या दोघांत माफीचं बोलणं पुढे कधी झालं की नाही, ते गावाला ठाऊक नाही. जोमाचा स्वभावही एका वर्षात बदलला नाही. मनात शंका यायच्याच. पण शंका आली की तो चपला घालून सरळ त्या माणसाच्या दारात जाई आणि विचारून येई. कधी उत्तर पटे, कधी पटत नसे. न पटलं तर तिथेच भांडून येई. पण ते भांडण दारातच संपे, गावभर फिरत नसे.

तात्पर्य: ज्यांच्यासोबत एकच बांध राखायचा आहे, त्यांच्याविषयी शंका आली तर ती त्यांनाच विचारावी. मनात पोसलेला संशय माणसाला भलत्याच दारावर पहारा करायला बसवतो.