दोर बांधण्याआधी

एका नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. त्याची नाव लहान होती. माणसे पैलतीरी जात, पण बैलगाडी नेता येत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी तो आणि शेजारच्या घाटावरचा म्हातारा नावाडी आपापल्या नावा दोरांनी जोडत, वर फळ्या टाकत आणि गाड्या पार करत. कित्येक वर्षे असे चालले होते.

एक दिवस म्हातारा म्हणाला, "गड्या, माझी नाव तू विकत घे. मालक तू हो. हातात बळ आहे तोवर वल्हे मी मारीन."

नावाड्याला ते पटले. पण त्याच सुमारास खालच्या गावचा एक तरुण नावाडी आला. त्यालाही नाव विकून कामाला राहायचे होते. त्याची नाव रुंद, नवीकोरी, टोकावर मोर रंगवलेला. नावाड्याने तीच घेतली. म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, तुमचे पुढे बघू."

"मोर बघून भुललास होय!" म्हातारा हसला. पण त्या दिवशी भाकरी खायला बसला तो पाठ फिरवून.

बाजाराचा दिवस आला. जोडलेल्या नावांवर एका कुंभाराची मडक्यांची गाडी आणि बैल चढले. तरुण कसलेला होता, नावाडीही कसलेला. पण मधल्या धारेत तरुणाने सवयीप्रमाणे जोर लावला आणि नावाडी सवयीप्रमाणे थांबला. नावा गर्रकन आडव्या झाल्या.

"अरे, थांब ना!" नावाडी ओरडला.

"तुम्हीच ओढा ना!" तरुण ओरडला.

"बाजारात नेताय की तळाला?" कुंभाराने बैलाच्या गळ्याला मिठी मारली. बैलाचा एक पाय फळीवरून पाण्यात गेला होता.

म्हाताऱ्याने घाटावरून ते पाहिले. रुसवा तिथेच ठेवून तो आपली नाव घेऊन धावला. जोडलेल्या नावांवर चढून त्याने तरुणाच्या हातातले वल्हे घेतले. नावाडी थांबला की तोही थांबे, नावाडी ओढी तेव्हा तोही ओढी. नावा सरळ झाल्या, काठाला लागल्या. बैल लंगडत का होईना, आपल्या पायांनी उतरला.

"चुकलो, काका. तुमची नाव मला द्या," नावाडी म्हणाला. "याची परत करतो."

"माझी घे. पण त्याची परत करू नकोस. पोराचा हात चांगला आहे, तुझ्या हाताची ओळख नाही एवढेच. वर्षभर दोघे शेजारी शेजारी मोकळ्या नावा चालवा. दोर मग बांधू."

पुढच्या वर्षी तिन्ही नावा जोडून निघाल्या. म्हातारा मधे सुकाणू धरून बसला होता. पहिली गाडी त्याच कुंभाराची.

"बैल विचारतोय, आज भांडणार का?" कुंभार म्हणाला.

धार आली, आणि दोन्ही वल्ही एकदम पाण्यात पडली.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याचे काम आपल्यात सामावून घ्यायचे असेल, तर आधी काही काळ त्याच्या सोबतीने काम करावे. नाव विकत मिळते, हातांची ओळख मिळत नाही.