मिल्काबाईचा सेला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. म्हातारे तेव्हाही असेच होते, एवढं धरून चला.

खाडीच्या काठी तिसळे नावाचं गाव होतं. तिथं बेने इस्राएल लोकांची वस्ती होती. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणायचा. त्यांचे पूर्वज लांबच्या देशातून आले, किनाऱ्याशी त्यांचं गलबत फुटलं आणि पोथ्या बुडाल्या. दाविद राजाच्या स्तोत्रांतली एकच ओळ तिसळ्याच्या तोंडी उरली, असं म्हणतात. अश्रे योश्वे वेतेखा, ओद येहल्लेलुखा, सेला.

तिचा अर्थ कुणालाच येत नव्हता. त्यात लाज काही नाही. बुडता बुडता माणूस काय काय धरून ठेवणार? लाज याची, की वडीलधारे अर्थ येतो असं दाखवायचे. पोरानं विचारलं तर एक टपली. पोरीनं विचारलं तर दोन.

मिल्का ही मुकादम रोहमजीची पुतणी. तिनं गावात सगळ्यांत जास्त टपल्या खाल्ल्या होत्या. आणि तिचं मन एलोजीवर बसलं होतं. एलोजीच्या हातचं तेल साऱ्या गावाला चालायचं, एलोजी चालायचा नाही. त्याची आजी कोळीण होती, म्हणून तो 'काळा', बाकीचे सगळे 'गोरे'. शनिवारी मुकादमाच्या ओसरीवर प्रार्थना व्हायची तेव्हा सगळे सावलीत बसायचे आणि एलोजी अंगणात उन्हात उभा राहायचा. असा नियम कुणी केला? ज्यांना एका ओळीचा अर्थ येत नव्हता त्यांनी.

एका शनिवारी मिल्कानं विचारलंच. "काका, सेला म्हणजे काय हो?"

रोहमजीनं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर नवा जरीकाठी शेला होता. तो म्हणाला, "सेला म्हणजे शेला. राजा परमुलखातला, त्याला श म्हणता यायचा नाही."

"मग अश्रे कसं जमलं त्याला?"

टपली.

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी ओळ म्हटली, सेलापर्यंत आली, आणि मिल्का उठली. तिनं काकाच्या खांद्यावरचा शेला ओढून घेतला.

"अगं, काय चाललंय?"

"राजा शेला म्हणतो आणि तुम्ही नुसते बसून राहता. कुणाला तरी घालायला नको?"

ती अंगणात उतरली आणि तिनं तो एलोजीच्या खांद्यावर टाकला. तिसळ्यात मुलीनं ज्याच्या खांद्यावर शेला घातला तो तिचा नवरदेव झाला. एलोजी घाबरून म्हणाला, "मिल्के, विचार केलायस का?"

"वर्षभर करतेय. तुझंच डोकं घाण्याच्या बैलासारखं तिथल्या तिथं फिरतंय."

म्हातारे अडकले. खोटं बोललो म्हणावं तर मुकादमकी जाते, खरं बोललो म्हणावं तर पोरगी जाते. शेवटी त्यांनी कोचीनहून नहेम्या नावाच्या जाणकाराला गलबतानं बोलावलं. सेला म्हणजे शेला नसेल तर लग्न नाही, असं ठरलं. तोवर एलोजी तो शेला घालूनच घाणा हाकत होता, आणि त्यावर तेलाचा एक डागही पडला नाही, असं म्हणतात.

नहेम्या आला, बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "छे, सेला म्हणजे शेला नव्हे."

म्हाताऱ्यांनी खुशीत तपकिरीच्या डब्या काढल्या. मिल्काचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही.

"मग काय, बाबा?"

नहेम्यानं दाढी खाजवली. "ठाऊक नाही. कुणी म्हणतं थांबा, कुणी म्हणतं वर उचला. स्तोत्रांत सारखा येतो आणि नक्की कुणालाच ठाऊक नाही." आणि तो असा हसला, जसं काही हरवलेलं नाही, उलट सापडलंय.

'ठाऊक नाही' हे शब्द त्या ओसरीवर पहिल्यांदाच उमटले. त्या हादऱ्यानं भिंतीला तडा गेला, असं म्हणतात.

"बाकीच्या शब्दांचं तरी सांगा," मिल्का म्हणाली.

"ते सोपं आहे. अश्रे, किती सुखी. योश्वे, बसणारे. वेतेखा, तुझ्या घरात. तुझ्या घरात बसणारे किती सुखी, ते तुझी स्तुती करतच राहतील."

"कोण बसणारे?"

"जो बसला तो."

"गोरा, काळा, असं काही?"

"एवढ्याशा ओळीत ते कुठं मावणार, पोरी?"

सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं. एलोजी उन्हात उभा होता. पिढ्यान्‌पिढ्या हीच ओळ गात त्यांनी माणसाला बाहेर उभं केलं होतं.

रोहमजीला मात्र अजून मुकादमकीच सुचत होती. "शेला माझा आहे," म्हणत त्यानं त्याचं टोक धरून ओढलं. शेला आला. आणखी ओढला, आणखी आला. ओढत ओढत तो घाण्यापाशी गेला, आळीबाहेर गेला, खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरला, आणि दुसरं टोक अजून एलोजीच्या खांद्यावरच. होड्यांतल्या कोळणी ओरडल्या, "ओढा मुकादम, आमच्या शिडांना कापड कमी पडतंय."

रोहमजी दमून चिखलात बसला आणि हसायला लागला. त्याला हसताना गावानं कधी पाहिलंच नव्हतं. मग तो तसाच चिखलानं भरलेला उठला, एलोजीचा हात धरून त्याला ओसरीवर घेऊन आला आणि आपल्या जागी बसवलं. लग्न लागलं. त्या कापडातून तिसळ्याच्या घराघरात शेला गेला, कोळीवाड्यातसुद्धा, असं म्हणतात.

आजही तिसळ्यात ती ओळ म्हणताना सेलाच्या आधी सगळे थांबतात. सगळ्यांत लहान पोर विचारतं, "सेला म्हणजे काय?" आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला उभं राहून सांगावं लागतं, "ठाऊक नाही." पुटपुटलेलं चालत नाही. नीट ऐकू आलं नाही तर पोरं पुन्हा विचारतात. मग उंबऱ्याला सगळ्यांत जवळ जो बसला असेल, ओळखीचा असो नसो, त्याच्या खांद्यावर शेला पडतो. यालाच मिल्काबाईचा सेला म्हणतात.

गेल्या खेपेला सावलीला टेकलेल्या एका मासेवालीला तो मिळाला. तिनं घडी केली, पाटीत ठेवला आणि पुढच्या आळीला निघून गेली. परत मागायची पद्धत नाही.