पाखऱ्याचा बाप कोण

भीमेच्या काठच्या एका वस्तीवर धुळा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. त्याचा थोरला भाऊ सिदू मागच्या उन्हाळ्यात वारला. घरात धुळा आणि वहिनी उरली. आणि एक घोडा उरला, पाखऱ्या. सिदूनं त्याला तो शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. धुळा रोज त्याच्या मानेला कपाळ टेकून उभा राहायचा. घोडाही उभा राहायचा.

वहिनी म्हणाली, "धुळा, याला घालायला घरात काही नाही. नाथा व्यापारी अमावस्येला येतोय. देऊन टाकू."

"दादाचा घोडा आहे."

"दादा असता तर मी बोलले असते का?"

धुळा तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई जुन्या भीमथडी जातीच्या घोड्यांचे बाप केसांवरून शोधत होत्या. त्या म्हणाल्या, "पाखऱ्या जुन्या वंशाचा निघाला तर त्याचा चारा सरकार देईल. शेपटीचे दहा केस आण. कापू नकोस, मुळासकट उपट. पाकिटावर नाव लिही. ज्याचं नाव, त्याचा निकाल."

"मुळासकट उपटायचं," असं घोकत धुळा घरी आला. दारातच वहिनी म्हणाली, "आधी शेळ्यांना कडवळ आण."

धुळानं कडवळ मुळासकट उपटलं. अख्खा वाफा उपटला.

वहिनीनं कपाळावर हात मारला. "अरे, वरून कापायचं असतं. मुळं ठेवली की परत फुटतं."

"आधी सांगायचं की," धुळा म्हणाला. मग विळा घेऊन तो पाखऱ्याकडे गेला आणि शेपटीचे केस वरून कापले. पाकीट मोठं होतं, म्हणून आयाळही कापली. मुळं ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटात बघितलं. "याला मुळं कुठायत?"

"घोड्यावर आहेत. परत फुटतील."

बाईंनी पाकीट परत केलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या घोड्याचे आणून देशील म्हणून आधीच सांगते. बापाची खूण फक्त नरात असते. मादीकडे जायचंच नाही. नराचंच घ्यायचं."

"नराचंच घ्यायचं," असं घोकत धुळा घरी आला. वहिनी म्हणाली, "चहाला दूध नाही. जरा काढून आण."

धुळा तांब्या घेऊन बोकडाखाली बसला.

तांब्या पत्र्यावर गेला आणि धुळा उकिरड्यात. वहिनी म्हणाली, "अरे येड्या, नराकडं काय मिळणार? मादीकडं जावं."

"हे बाईंना माहीत नसेल," धुळा म्हणाला. त्यानं शेजारच्या घोडीच्या शेपटीचे दहा केस मुळासकट उपटले आणि बाईंना नेऊन दिले. सोबत निरोपही दिला, "आमची वहिनी म्हणती, नराकडं काय मिळणार."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "धुळा, शेवटचं सांगते. पाखऱ्याला केस नसले तर त्याच्या भावाचे चालतील. एका बापाचे मुलगे. जी खूण एकात, तीच दुसऱ्यात."

"एक भाऊ मेला असला तरी?"

"तरी. राहिलेल्यात ती असतेच."

धुळानं मान डोलावली.

"आहे का घरात कुणी भाऊ?" बाईंनी विचारलं.

"आहे," धुळा म्हणाला. बाहेर पायरीवर बसून त्यानं स्वतःच्या डोक्याचे दहा केस उपटले. मुळासकट. पाकिटावर नाव लिहिलं, पाखऱ्या.

अमावस्येच्या दिवशी सकाळी कागद आला आणि मागोमाग नाथा व्यापारी आला. वहिनीनं कागद वाचला. 'पाखऱ्या. नमुना घोड्याचा नाही. माणसाचा आहे.' खाली गोल शिक्का.

नाथानं कागद उलटासुलटा केला. मग घोड्याकडं बघितलं. घोड्यानं शिंक दिली.

"घोडाच आहे की," वहिनी म्हणाली.

"मला दिसतोय, वहिनी. पण शिक्का आहे. उद्या नाक्यावर अडवलं, तर माणूस विकत घेतला म्हणून मला आत टाकतील." नाथा दोर तिथंच टाकून निघून गेला.

धुळाचे डोळे भरले. "वहिनी, ज्याचं नाव त्याचा निकाल. हा माणूस आहे. माझाच भाऊ आहे. दादात होतं ते याच्यात आहे."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "असू दे भाऊ. पण याला खायला कुठून घालू? रेशन कार्डावर नाव आहे का याचं?"

"आधी सांगायचं की," धुळा म्हणाला.

त्यानं पाखऱ्याला सिदूचा फेटा बांधला आणि रेशनच्या दुकानात रांगेत उभं केलं. नंबर आला. धुळानं कागद पुढं सरकवला. "दादाचं नाव कमी केलंय. आता हा भाऊ सापडलाय. याचं नाव घाला."

दुकानदार वहीत डोकं घालून बसला होता. त्यानं शिक्का तेवढा बघितला. "माणूस हजर आहे?"

"आहे."

"मशीनवर अंगठा लाव म्हणावं."

धुळानं पाखऱ्याचा पुढचा पाय उचलून मशीनवर ठेवला. मशीन लाल झालं.

"जुळत नाही," मान वर न करता दुकानदार म्हणाला. "दुसऱ्या हाताचा लाव."