सोळा मासोळ्या आणि दवाचं जाळं

टिंग!

काचेची बांगडी तांब्याच्या घागरीवर हलकेच आपटावी, तसा तो आवाज होता. सोनबाआबांनी तो फार वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा ते तरणेताठे धीवर होते, मोठ्या तळ्यात मासे धरायचे. एका सकाळी लव्हाळ्यात लावलेल्या त्यांच्या नव्याकोऱ्या जाळ्यातून तो आवाज आला. वाकून पाहतात तर गाठींच्या गुंत्यात अंगठ्याएवढं काहीतरी चमचमत होतं. आबांनी सुरा काढला आणि जाळं कापलं. ते चमचमणारं उडून गेलं आणि रात्रभरात अडकलेले मासेही त्याच भोकातून निसटले. सगळं गाव आबांना हसलं.

"काय होतं हो ते, आबा?" त्यांची नात कौतिका नेहमी विचारायची.

"कोण जाणे, बाळ. मी आवाज ऐकला, एवढंच."

आता आबांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. नऊ वर्षांच्या कौतिकाला आबांशिवाय कोणी नव्हतं. दोघं अनसूयाबाईंच्या बागेत, कोपऱ्यातल्या झोपडीत राहायची. बाग मोठी सुरेख होती. पिवळीधमक शेवंती, लालचुटूक जास्वंद, आणि मधोमध एक इवलंसं गोल तळं. तळ्यात निळी कमळं होती आणि कमळांखाली सोनेरी मासोळ्या लुकलुकायच्या. कौतिका झाडांना पाणी घालायची, तळ्यातली पानं वेचायची. त्याबद्दल राहायला झोपडी आणि रोजचे तांदूळ मिळायचे.

अनसूयाबाईंचा मात्र कोणावरही विश्वास नव्हता. संध्याकाळी त्या बागेच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालायच्या, आत ही दोघं असली तरी. किल्ली कायम कंबरेला. आणि रोज सकाळी येऊन बोटाने मासोळ्या मोजायच्या.

"एकवीस होत्या," त्या दिवशी त्या म्हणाल्या. "आज सोळा!"

"बाई, मी नाही हो घेतल्या."

"मग काय पंख फुटले त्यांना? धीवराच्या घरात मासोळी कुठे जाते, हे मला शिकवू नकोस."

बाई तरातरा झोपडीत गेल्या. चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचललं. आत अंबाडीची भाजी होती. बाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला. अंबाडीवरही त्यांचा विश्वास बसेना.

"आता एक जरी कमी झाली," झाकण आदळून त्या म्हणाल्या, "तर त्याच दिवशी झोपडी रिकामी करायची. तू आणि तुझा आबा, दोघांनी."

कौतिकाने आबांकडे पाहिलं. आबांना ही बाग पावलांनी पाठ होती. दारापासून विहीर अकरा पावलं, विहिरीपासून आंबा वीस. बाहेरच्या रस्त्यावर ते कुठे जाणार?

त्या दिवसापासून कौतिकालाही सगळ्यांचा संशय येऊ लागला. बोका मिशा पुसत गेला, की तिला वाटे, हाच! कावळा ओरडला, की वाटे, हा साक्षीदार असणार, नाहीतर साथीदार! काठावरच्या बेडकाचं पोट तर तिने चक्क दाबून पाहिलं. शेवटी तिने आबांचं जुनं जाळं काढलं आणि संध्याकाळी तळ्यावर टाकलं.

"ढिलं टाकलंस की ताणून?" आबांनी विचारलं.

"ढिलंच. तुम्ही टाकायचात तसं."

आबा नुसतं "हं" म्हणाले. पण त्यांना काही ते बरं वाटलं नाही.

सकाळी पूर्वेला गुलाबी रंग चढला आणि आवाज आला. टिंग!

आबा ताडकन उठून बसले. "कौतिका! धाव, पोरी!"

तळ्यावरचं जाळं थरथरत होतं. त्यात एक बेडूक अडकला होता. एक दिवड, पाण्यातला तो गरीब बिनविषारी साप, अंगाला पीळ देत होती. निळाशार खंड्या एका पायाने उलटा लोंबत होता. जो तो सुटायला धडपडत होता आणि जितका धडपडे तितका आवळला जात होता.

घरात तेवढं एकच जाळं होतं. पण कौतिकाने विळा आणला आणि कराकरा कापायला लागली. बेडूक डुबकन पाण्यात गेला. दिवड सळसळत गवतात शिरली. खंड्या निळ्या ठिणगीसारखा उडाला. शेवटच्या गाठीत मात्र अंगठ्याएवढी एक परी होती! कर्दळीच्या पाकळीचा तिचा केशरी परकर, चतुराचे झिरझिरीत पंख, आणि हातात कणभर काचेच्या बांगड्या.

कौतिकाने तिला अलगद सोडवलं. परीने कंबरेवर हात ठेवले.

"हे जाळं तू लावलंस?"

"हो. आणि मासोळ्या तू चोरतेस?"

"मी? मी सकाळी दवाचे दोन थेंब पिते. तेही जेमतेम!"

दोघी एकमेकींकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"बरं," परी म्हणाली. "मला सोडलंस, म्हणून तीन इच्छा माग. पण नियम आहेत. ज्या इच्छेने कुणाचा जीव जाईल, ती मी पुरवणार नाही. आणि प्रत्येक इच्छेतलं अर्धं काम माझं, अर्धं तुझ्या हातांचं."

"आणखी नियम?"

"नाहीत."

"लपवत तर नाहीस ना?"

"अगं बाई, काय संशयी मुलगी आहे ही!"

कौतिकाने पहिली इच्छा मागितली. "खरा चोर मला दिसू दे."

"मग कर्दळीमागे बैस. हलायचं नाही. हे तुझं अर्धं."

कौतिका बसली. मुंग्या चावल्या, तरी हलली नाही. मग परीने पंख झटकले आणि काठावरचं एक मातकट ढेकूळ तिला नीट दिसू लागलं. त्या ढेकळाला पिवळा डोळा होता! लांब चोच होती! ती होती ढोकरी, बगळ्याच्या जातीची. दबा धरून तिने चोच मारली, पण परी तिच्या डोळ्यांपुढे लख्खकन चमकली आणि नेम चुकला. ढोकरी उडाली, तशी मातीच्या रंगातून दुधासारखे पांढरेशुभ्र पंख उघडले. ती बांबूच्या बेटात गेली. तिथल्या घरट्यात तीन इवल्या चोची आऽ करून बसल्या होत्या.

आता ही पोर काय मागते, म्हणून परी टक लावून बघत होती. घालव हिला, असं कौतिकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या तीन चोची काही केल्या तोंड मिटेनात.

"माझ्या सोळाही मासोळ्या वाचू देत," ती हळूच म्हणाली, "आणि कोणीच अडकायला नको. बेडूक नको, दिवड नको, ढोकरीसुद्धा नको. ही माझी दुसरी इच्छा."

परीच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. कर्दळीवरच्या कोळ्यांच्या जाळ्यांवर दव लखलखत होतं. त्यातून तिने सूत ओढलं, जाड आणि पांढरंशुभ्र. "सूत माझं, गाठी तुझ्या. जाळं होईपर्यंत पाण्यावर मी पहारा देते."

आबांनी जाळं विणायची बांबूची सुई कौतिकाच्या हातात दिली आणि तिच्या हातावर हात ठेवून शिकवू लागले. "पन्नास वर्षं मी ढिलं जाळं टाकलं. ढिलं जाळं पायात येतं, पंखात येतं. आपल्याला आता धरायचं नाही, राखायचं आहे. भोक एवढं बारीक कर, की तुझी करंगळीही जाऊ नये. मग ते बाजेसारखं ताठ ताण, टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. सूत पांढरं आहे ते बरं. पाखराला लांबून दिसतं."

परी आबांच्या गुडघ्यावर येऊन बसली. बांगड्या वाजल्या, टिंग. आबांची बोटं थबकली.

"एक विचारू?" परी म्हणाली. "तेव्हा तुम्ही मला सोडलंत आणि काहीच मागितलं नाहीत. मला संशय आला. फुकट कोण सोडतं? इतकी वर्षं मी तुमच्यावर पाळत ठेवून आहे. का सोडलंत?"

"तू ओरडलीस म्हणून," आबा म्हणाले.

परीने केशरी परकराने डोळे पुसले.

सात दिवस गाठी पडत होत्या. अनसूयाबाई रोज येऊन मोजत होत्या. सोळा. पुन्हा सोळा. "रोज सोळाच कशा?" त्या पुटपुटत. "नक्की काहीतरी काळंबेरं आहे!"

आठव्या सकाळी तळ्याभोवती बांबूचे खुंट रोवून जाळं ताणलं, पाण्याच्या हातभर वर. खाली काठाला चार बोटं जागा सोडली, बेडकांना ये-जा करायला. तिथे उतरते दगड लावले. तळाशी फुटकी कौलं उपडी घातली, मासोळ्यांना लपायला. कौतिकाने टिचकी मारली. टण्!

"तिसरी इच्छा राहिली," परी म्हणाली. "सोनं माग, वाडा माग."

कौतिकाने विचार केला. "बाईंनी एकदा यावं. मोजायला नाही, नुसतं बघायला."

"एवढंच?" परीने डोळे बारीक केले, आणि मग खुदकन हसली. "मग तुझं अर्धं?"

कौतिका धावत गेली आणि घरातला एकुलता एक पाट आणून तिने तळ्याकाठी मांडला. परीने तिच्या गालाला पंख लावला, एक गिरकी घेतली आणि सोनेरी, केशरी, निळ्या उजेडाची कारंजी होऊन कमळांवर विरून गेली.

फाटक वाजलं. बाई आल्या. "एक... दोन... तीन..."

ढोकरी काठावर उतरली. जाळ्यावर तिने चोच टेकवली, मान वाकडी करून पाहिलं, एक पाय उचलला. पाय कुठेच अडकला नाही. ती बाईंकडे रागाने बघत शेताकडे उडाली. खालच्या फटीतून एक बेडूक टुणकन बाहेर आला. ताणलेल्या सुतावर लाल चतुर टेकला. दिवड शांतपणे दगडांवरून वर सरकली.

"...नऊ..." बाई म्हणाल्या, आणि पुढचा आकडा विसरल्या. त्या पाटावर बसल्या. उन्हात मासोळ्या फिरत होत्या, आणि कौलाखालून मोहरीएवढी पिल्लं डोकावत होती. ती कोणाला मोजता आली असती?

ऊन आंब्यावर आलं, तेव्हा बाई उठल्या. झोपडीत गेल्या. मडक्याचं झाकण उचललं, वास घेतला. अंबाडीच होती. या वेळी त्यांनी झाकण हळूच ठेवलं. दारात आबा बसले होते, शेजारी कौतिका. बाईंनी कंबरेची किल्ली सोडली, जाळ्याच्या सुईशेजारच्या खुंटीला अडकवली, आणि फाटक सताड उघडं ठेवून निघून गेल्या.